दुष्काळ, बंधारा आणि बदके: गोदाकाठच्या हिवाळी पक्षीनिरीक्षणाचा पूर्वेतिहास

दर पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातील धरणे भरू लागली की नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे किती क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट, पाणी सोडले याचा आकडा मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येतो, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना हे नाव पाटबंधारे खात्याच्या या आकडेवारीमुळेच परिचित असते. हिवाळ्यात त्याच बंधाऱ्यामागील उथळ पाण्याकाठी, निफाड तालुक्यातील चापडगाव, मांजरगाव आणि खानगाव थडी या गावांच्या शिवारांत, पहाटेच्या धुक्यात दुर्बिणी घेऊन उभी असलेली माणसे दिसू लागतात. या दोन ओळखींमध्ये वरवर पाहता काही नाते नाही. पण एकीचा इतिहास सांगितल्यावाचून दुसरीचा सांगता येत नाही, कारण ज्या बदकांच्या थव्यांसाठी लोक येथे येतात ते थवे या ठिकाणी जमू लागले ते बंधाऱ्यामुळे, बंधारा बांधला गेला तो दुष्काळाच्या धास्तीने, आणि थवे टिकून राहिले ते बंधारा गाळाने भरत गेला म्हणून. गोदाकाठचे पक्षीवैभव हे अस्पर्श निसर्गाचे उरलेले दान आहे अशी जी सर्वसाधारण समजूत आढळते, ती या इतिहासापुढे टिकत नाही.

प्रथम जागा आणि ऋतू यांचा विचार करावा लागतो. त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी नाशिक शहर ओलांडून पूर्वेकडे सपाटीला लागते, दारणा तिला उजवीकडून मिळते, आणि पुढे दिंडोरी तालुक्यातून येणारी कादवा डावीकडून येऊन मिळते त्या संगमाच्या परिसरात, मध्यमेश्वर महादेवाच्या देवळाजवळ, हा बंधारा आहे. गोदावरीला या भागात गंगाच म्हणतात आणि तिच्या दोन्ही काठांच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला गंगथडी हे जुने नाव आहे. निफाड हा महाराष्ट्रातील सर्वांत थंड तालुक्यांपैकी एक आहे. उत्तरेकडून थंडीची लाट आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमापकाचा पारा काही वर्षी पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो, आणि त्या रात्री द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी बागांमध्ये पहाटेपर्यंत शेकोट्या पेटत्या ठेवतात. निरभ्र आकाशाखाली जमिनीची उष्णता वेगाने निघून जाते, ओलिताच्या शेतांवर आणि नदीच्या पात्रावर जड, गार हवा साचून राहते, आणि सूर्य वर येईपर्यंत पाण्यावरचे धुके हलत नाही.

पक्षीनिरीक्षक याच वेळी येतो, आणि त्यामागे हौसेपेक्षा पक्ष्यांच्या दिनक्रमाची जाण अधिक असते. स्थलांतर करून आलेली बरीचशी बदके रात्री चरतात. भाताच्या खाचरांत, गव्हाच्या पाणी दिलेल्या रानांत किंवा दलदलीच्या कडेला अंधारात पोट भरून ती तांबडे फुटण्याच्या सुमारास मोकळ्या पाण्यावर परततात आणि दिवसाचा मोठा भाग तेथेच विसावतात. भोवत्या हे शिकारी पक्षी, जे गवताळ जमिनीवर समूहाने रात्र काढतात आणि दिवसा पाणथळीवर खालून घिरट्या घालतात, तेही सूर्योदयाच्या आसपास मुक्काम सोडतात. शिवाय ऊन चढले की तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून दूरच्या बदकाच्या चोचीचा आकारही धड कळत नाही. थंड, निश्चल हवेत तो कळतो. भारतात दुर्बीण रुळण्याच्या कितीतरी आधी शिकाऱ्यांना आणि फासेकऱ्यांना यांतील पहिल्या दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या.

या काठांवर पक्षी न्याहाळण्याची परंपरा लिखित रूपातही जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत गोदावरी ‘गोला’ या नावाने वारंवार येते, आणि कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बगळीची तिच्यातील गाथा पुढे काव्यशास्त्रकारांनी सूचित अर्थाचे उदाहरण म्हणून अनेकदा चर्चिली. बगळी निश्चल आहे म्हणजे तेथे माणूस फिरकत नाही, हे त्या गाथेतील अनुमान आजच्या निरीक्षकालाही मान्य व्हावे असेच आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या ज्ञानकोशात श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकडून करविलेली पक्ष्यांची शिकार, हा राजांच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून सविस्तर वर्णिला आहे. तेराव्या शतकातील हंसदेवाचे मृगपक्षिशास्त्र हा संस्कृत ग्रंथ तर पशुपक्ष्यांच्या स्वभावांचे आणि प्रकारांचे वर्णन करण्यासाठीच लिहिला गेला. दरबार आणि पाठशाळा यांच्या बाहेरचे ज्ञान मात्र ग्रंथांत उतरले नाही. घोड्याच्या केसांचे फास मांडून लावे आणि तित्तिर धरणारे फासेपारधी, डोहांत जाळी टाकणारे भोई आणि कोळी, नदीकाठी गुरे राखणारे गुराखी यांना कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो, कोठे रात्र काढतो आणि कोणत्या आवाजाने इशारा देतो हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत पुढे पारध्यांसारख्या समाजांना जन्मतःच संशयित ठरविण्यात आले, आणि ज्यांच्या नजरेचा उपयोग साहेबांच्या शिकारीला होत असे त्यांच्या ज्ञानाची नोंद करावी असे फारच थोड्यांना वाटले. दख्खनच्या पक्षीविद्येच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी हानी आहे.

लेखी आणि मोजणीच्या पद्धतीने या प्रदेशातील पक्ष्यांची नोंद सुरू झाली ती पेशवाईच्या अस्तानंतर काही वर्षांनी. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची दख्खनचा सांख्यिकी वृत्तांत तयार करण्यासाठी नेमणूक केली. नव्याने हाती आलेल्या मुलखातील जमीन, पिके, लोकसंख्या आणि महसूल यांची मोजदाद हे त्याचे काम होते. पण साइक्सने त्याबरोबर पक्षी, मासे आणि सस्तन प्राणीही गोळा केले, आणि मायदेशी परतल्यावर १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजात दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. दोनशेहून अधिक जातींच्या या यादीत अनेक जाती शास्त्राला नव्या होत्या. महाराष्ट्रातील कोणत्याही ओढ्याकाठी, विहिरीवर किंवा डबक्याजवळ मान आखडून बसलेली ढोकरी, जिच्याइतका परिचित पाणपक्षी दुसरा नसेल, तिला ‘आर्डिओला ग्रेई’ या शास्त्रीय नावातील ‘ग्रेई’ हे जातिनाम साइक्सनेच दिले, आणि एका रातव्याला त्याने दिलेल्या ‘महारट्टेन्सिस’ या नावात तर मराठ्यांचा मुलूखच नोंदला गेला आहे. साइक्सची नोंद करण्याची पद्धत लक्षणीय होती: मारलेल्या पक्ष्याच्या बुबुळाचा रंग आणि पोटात सापडलेले अन्न या गोष्टी तो टिपून ठेवी, कारण त्याच्या लेखी पक्षी हा त्या प्रदेशाच्या शेतीचा आणि पाण्याचाही पुरावा होता. हाच साइक्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला.

त्याच्यानंतर सुमारे अर्धशतकाने ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने चालविलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दख्खनच्या नोंदी पुन्हा सलगपणे दिसू लागतात. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने वेन्डन या सहलेखकाबरोबर १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर आणि १८८२ मध्ये एकट्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांवर लिहिलेले लेख त्यात आहेत. जिल्ह्यात महिनोन्‌महिने तंबू टाकून फिरणाऱ्या अधिकाऱ्याला हिवाळा हा दौऱ्याचा काळ असे, आणि दौऱ्याचा मुक्काम बहुधा नदीकाठी पडे. म्हणून या याद्यांत हिवाळी पाहुण्यांना मोठी जागा मिळाली. बंदूक हेच तेव्हा निरीक्षणाचे साधन होते. पक्षी हातात घेतल्याखेरीज त्याची जात निश्चित करता येत नाही असा त्या काळचा नियम होता, आणि दुर्बिणींची स्थिती पाहता तो सर्वस्वी चुकीचा नव्हता; पण शास्त्रासाठी मारलेला पक्षी आणि जेवणासाठी मारलेला पक्षी यांतील सीमारेषा पुसट राहिली. पाणलावे आणि बदके यांची शिकार हा छावण्यांतील अधिकाऱ्यांचा नित्याचा विरंगुळा होता. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने शिकारबंदीचे महिने ठरविण्याची सोय केली, परंतु असे महिने विणीच्या काळाभोवती आखले जात असल्याने हिवाळ्यात येणाऱ्या आणि येथे वीण न करणाऱ्या बदकांना त्याचा फारसा आधार नव्हता.

या सर्व नोंदी ज्या गोदावरीच्या आहेत ती आजची गोदावरी नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. बंधाऱ्यापूर्वीची दख्खनची नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि मार्गशीर्षानंतर डोह, खडकाळ धावा आणि वाळूची लांबच लांब वाळवंटे यांत विभागली जाणारी होती. तिचे पक्षी त्या रचनेला अनुरूप होते. चक्रवाक, ज्याच्या जोडीचा रात्री वियोग होतो अशी कविकल्पना संस्कृत साहित्यात रूढ आहे आणि ज्याचा खणखणीत आवाज शांत रात्री दूरवर ऐकू येतो, तो मोकळ्या वाळवंटावर उतरत असे. नदीसुरय उघड्या वाळूवर अंडी घालत असे. कवड्या खंड्या डोहावर पंख फडफडवीत एका जागी थांबून मग सूर मारत असे. धोबी पक्षी खडकांवर शेपटी हलवीत किडे टिपत. मात्र हजारोंच्या संख्येने चरणारी बदके अशा नदीला पोसता येत नाहीत, कारण त्यांना लागतो मैलभर पसरलेला उथळ, चिखलट, पाणवनस्पतींनी भरलेला विस्तार, आणि तो या नदीने स्वतःहून कधी दिलेला नव्हता.

तो विस्तार दुष्काळाने घडवून आणला. १८७६ ते १८७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या तीन दुष्काळांनी दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, ज्यात निफाडच्या पूर्वेचा कोपरगाव–राहाता हा भाग येतो, असा हाहाकार उडविला की सरकारला सिंचनाचा विचार निव्वळ नफ्यातोट्याच्या हिशेबाने करता येईना. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगाने संरक्षक सिंचनकामांची शिफारस केली. जी कामे गुंतवलेल्या पैशावर पुरेसे व्याज देणार नाहीत, पण दुष्काळात माणसे आणि गुरे वाचवतील आणि मदतकार्यावरचा खर्च टाळतील, अशांना ही संज्ञा होती. गोदावरी कालव्यांची योजना या विचारातून आकाराला आली. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जेथे पाऊस हमखास पडतो, तेथे दारणा नदीवर इगतपुरी तालुक्यात धरण बांधून पाणी साठवायचे, ते नदीपात्रातूनच खाली सोडायचे आणि नांदूर मधमेश्वरला दगडी बंधाऱ्याने अडवून डाव्या व उजव्या कालव्यांत वळवायचे, अशी तिची रचना होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही कामे उभी राहिली. या बंधाऱ्याचे प्रयोजन साठा करणे हे मुळात नव्हतेच. वरून आलेले पाणी उचलून कालव्याच्या तोंडाशी आणणे एवढेच त्याने करायचे होते, आणि पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून वाहून जावे अशी अपेक्षा होती.

परंतु वाहते पाणी अडविले की त्याचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की पाण्याने वाहून आणलेली माती तळाशी बसते. गोदावरी, दारणा आणि कादवा या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या उतारांवरून आणि पुढे नांगरलेल्या काळ्या रानांतून माती घेऊन येतात; बंधाऱ्यामागे ती दरवर्षी साचत गेली, पात्र उथळ झाले, मध्ये मध्ये गाळाची बेटे वर आली, त्यांवर पाणकणीस आणि इतर गवते रुजली, काठाने बाभळी वाढल्या. सिंचन अभियंत्याच्या दृष्टीने हा बंधाऱ्याचा ऱ्हास होता, कारण त्याची आधीच मर्यादित असलेली क्षमता गाळ खाऊन टाकत होता. पक्ष्यांच्या दृष्टीने ही एका नव्या अधिवासाची, म्हणजे अन्न, आसरा आणि सुरक्षितता एकत्र मिळण्याच्या जागेची, घडण होती, आणि ती कोणत्याही आराखड्यात नव्हती.

गाळाचे हे मोल कळण्यासाठी बदके कशी चरतात हे पाहावे लागते. पाणपृष्ठावर चरणारी बदके बुडी मारत नाहीत. ती मान पाण्यात घालून आणि गरज पडल्यास शेपूट वर करून तळापर्यंत चोच पोहोचवितात, त्यामुळे हात–दीड हातापेक्षा खोल पाणी त्यांना चरण्याच्या कामाचे नसते. थापट्या आपल्या फावड्यासारख्या रुंद चोचीने पाण्याचा वरचा थर गाळून त्यातील सूक्ष्म जीव आणि बिया टिपतो. तलवार बदक आपल्या लांब मानेमुळे इतरांपेक्षा थोड्या अधिक खोलीवरचे खाद्य मिळविते. भुवई बदक, तरंग आणि हळदीकुंकू यांचीही अशीच आपापली पातळी ठरलेली असते. लालसरीसारखी बुडी मारणारी बदके खोल भागाकडे राहतात, आणि वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी, त्यांच्यामध्ये शेकड्यांनी मिसळतो. पाणी जेथे वितभरही उरत नाही तेथे शेकाट्या, चिखल्या आणि तुतवार हे लांब किंवा आखूड पायांचे पक्षी ओल्या गाळात चोच खुपसून किडे शोधतात. दर्विमुख आपली चमच्यासारखी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी–उजवीकडे फिरवीत चालतो. म्हणजे एकाच पाणथळीवर एका सकाळी पन्नास–साठ जाती दिसतात त्याचे कारण पाण्याची खोली काठापासून मध्यापर्यंत इंचाइंचाने बदलत जाते हे असते, आणि तो संथ उतार गाळाने तयार केलेला असतो. आजूबाजूच्या कालव्यांनी वाढविलेली ओलिताची शेती या चित्रात भर घालते. कांड्या करकोचे हरभरा आणि गव्हाच्या रानांत उतरतात, आणि मंगोलिया ते तिबेट या उंच पठारी प्रदेशांत वीण करून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस दिवसा पाण्यावर थांबून कोवळ्या पिकांत चरायला जातात. शेतकऱ्याने त्यांना कौतुकानेच पाहावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

पाहणाऱ्याची दृष्टी बदलण्याची प्रक्रिया बंधारा उभा राहण्याच्या आधीच मुंबईत सुरू झालेली होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना केली. त्यांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वैद्यकशास्त्रज्ञ व वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट मराठी वाचकांना आजही पुरेशी ठाऊक नसावी याचे वाईट वाटते. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि शिकाऱ्यांच्या टिपणांबरोबर निव्वळ निरीक्षणाच्या टिपणांनाही त्यात स्थान मिळू लागले. सालिम अली यांनी १९३१–३२ मध्ये निजामाच्या राज्याचे पक्षीसर्वेक्षण केले तेव्हा गोदावरीच्या मधल्या खोऱ्याचा मराठवाड्यातील भाग त्या राज्यात होता. १९४१ च्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तकाने तर बंदूक न उचलता पक्षी ओळखणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. त्याआधी, १९२७ मध्ये, धार संस्थानात पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली धातूची कडी घालून त्यांचा प्रवास शोधण्याचे काम या संस्थेच्या सहकार्याने सुरू झाले होते. १९५९ पासून ते मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले, आणि हिवाळ्यात भारतीय पाण्यांवर येणारी बदके मध्य आशिया आणि सैबेरियातून येतात हे तर्काऐवजी पुराव्याने सिद्ध होऊ लागले. मराठीत हे ज्ञान आणण्याचे श्रेय प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांचे आहे. वनखात्यातील दीर्घ सेवेत त्यांनी आदिवासी, पारधी आणि मासेमार यांच्याकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी टिपून घेतल्या आणि पक्षिकोशासारख्या ग्रंथात त्या जतन केल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाने ज्यांना वगळले त्यांना काही अंशी तरी पुन्हा ग्रंथात आणले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर यांच्यामधील आठवडा महाराष्ट्र शासन आता पक्षी सप्ताह म्हणून पाळते.

नांदूर मधमेश्वरला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात, आणि या तुलनेचा संबंध सालिम अलींच्या भेटीशी जोडला जातो. ही तुलना लोक वैभवाच्या अर्थाने करतात, पण ती उत्पत्तीच्या अर्थानेही खरी आहे. राजस्थानातील भरतपूरची केवलादेव पाणथळही बांधामुळेच तयार झाली. अठराव्या शतकातील अजान बांधाच्या पाण्याने भरणाऱ्या त्या सखल भागाची विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी पद्धतशीर रचना केली, आणि १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याहून बोधप्रद भाग पुढचा आहे. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर म्हशींच्या चराईवर बंदी आली, आणि त्यानंतर पाण्यातील गवत इतके माजले की मोकळे पाणी आक्रसून बदकांना आणि इतर पाणपक्ष्यांना अडचण होऊ लागली; बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून म्हशींची चराई ही त्या पाणथळीच्या घडणीचाच भाग होती असे दिसून आले. माणसाने घडविलेली पाणथळ माणसाला वगळून राखता येत नाही, हे तेथे मोठी किंमत मोजून कळले.

नांदूर मधमेश्वरला १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर अभयारण्य घोषित झाले. या क्षेत्राचा बहुतांश भाग पाणी नसून गावांची ओलिताची शेती आहे. पुढे रामसर करारानुसार, म्हणजे पाणथळींच्या संरक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ म्हणून या जागेची निवड जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा नोंदविलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरच्याही आत होते, यावरून हा फरक लक्षात यावा. आपल्याच शेतात विहीर खोदताना किंवा घर बांधताना अभयारण्याच्या नियमांशी गाठ पडलेल्या शेतकऱ्याला पक्ष्यांविषयी प्रेम वाटावे यासाठी केवळ प्रबोधन पुरत नाही. गावातील तरुणांना मार्गदर्शक म्हणून काम मिळू लागल्यापासून आणि निरीक्षण मनोऱ्यांजवळ हिवाळ्यात पर्यटकांची ये-जा वाढल्यापासून काठावरच्या काही घरांत पक्ष्यांमुळे पैसा येऊ लागला आहे, आणि दूरवरच्या टिपक्यासारख्या दिसणाऱ्या बदकाची जात दुर्बिणीवाचून सांगणारी ही मुले पारध्यांच्या आणि भोयांच्या जुन्या ज्ञानाचे खरे वारस ठरावीत.

आज या पाणथळीचे भवितव्य ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्यांतील पहिली पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकात आहे. कालव्यांना आवर्तन, म्हणजे पिकांसाठी ठरावीक काळाने पाण्याची पाळी, सोडले की बंधाऱ्यामागील पातळी बदलते. ती हळूहळू उतरली तर नवा गाळ उघडा पडून चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना खाद्य मिळते, ती एकदम वर गेली तर उथळ भाग नाहीसा होऊन तेथे चरणारी बदके एका रात्रीत दुसरीकडे जातात, आणि ती तळाला लागली तर मासे आणि पाणवनस्पती दोन्हींची हानी होते. गाळ काढण्याची मागणी शेतकऱ्यांच्या बाजूने समजण्यासारखी आहे, पण तो कोठून, किती आणि कोणत्या महिन्यात काढायचा हे पक्ष्यांच्या चरण्याच्या जागा लक्षात घेऊन ठरले नाही तर शंभर वर्षांत बसलेला उतार काही आठवड्यांत मोडून निघेल. नाशिकसारख्या वाढत्या शहराचे सांडपाणी नदीत येते आणि त्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी फोफावून मोकळे पाणी झाकते, ही दुसरी गोष्ट. आशियाई पाणपक्षी गणना, जी १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांत स्वयंसेवकांच्या मदतीने केली जाते, तिच्या पद्धतीने मिळणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावताना त्या आठवड्यातील पाण्याची पातळी जोडीला लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे; त्या नोंदीवाचून थवे घटले की फक्त सरकले हे सांगता येत नाही.

बंधाऱ्याने जे दिले त्याची मोजदाद होते. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्या धरणांनी जे नेले त्याची होत नाही. गंगापूर, दारणा, करंजवण अशा धरणांनी पुराची वाळू वरच अडविली, उरलेली वाळू बांधकामासाठी उपसली गेली, आणि नदीसुरय ज्या उघड्या वाळवंटांवर अंडी घालतो ती खालच्या पात्रातून झपाट्याने कमी झाली. नदीसुरय आता जागतिक यादीत असुरक्षित जातींमध्ये गणला जातो आणि काळ्या पोटाचा सुरय त्याहून गंभीर संकटात आहे. वाळूच्या पात्राला पाणथळीसारखा आकर्षक थवा मिळत नाही, तेथे मनोरा उभारला जात नाही, आणि सुरयांच्या विणीचा काळ हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतचा असल्याने बदकांसाठी येणारा निरीक्षक तोपर्यंत परत गेलेला असतो. डेव्हिडसनसारख्यांच्या जुन्या याद्या गोदावरीच्या आजच्या पात्राशी ताडून पाहण्याचे काम, जे एखाद्या विद्यापीठाने किंवा जिल्ह्यातील पक्षीमित्रांनी चार–पाच वर्षे नेटाने केले तर सहज होण्याजोगे आहे, ते फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, कोपरगावपासून पैठणपर्यंतच्या उरलेल्या वाळूवर चालूनच करावे लागेल.